बेटावरचे मास्तर

मला मधुमेह नाही, हे आधीच सांगून टाकते. शहापुरात कुठल्याही लग्नाला गेले आणि ताटातली जिलबी बाजूला सारली, की शेजारची बाई लगेच चौकशीला लागते. गोळी कुठली चालू आहे, कारल्याचा रस घेता का, मेथ्या भिजत घालता का? आताशा मी नुसती मान हलवते. खरं कारण सांगायला बसले तर मठ्ठा येऊन जाईल, पंगत उठेल आणि माझी गोष्ट तशीच राहील. आज लिहायलाच बसले आहे तर सांगते. एका माणसापायी मी गोड खात नाही. तो माझ्या ना नात्याचा ना गोत्याचा. आपल्या देशाचासुद्धा नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही आणि त्याचं नावही मला माहीत नाही. आणि जन्मात मी कुणावर जळले असेन, अगदी कोळसा होईस्तोवर जळले असेन, तर त्याच्यावरच.

आमचं घर वैशाखरे गावाच्या अलीकडे. मुरबाडहून येणारी एस्टी सोडली, की भाताच्या खाचरांच्या बांधांवरून आत चालत यायचं. घाटाला लागायच्या आधी एस्टी दम घ्यायची, मग गुरगुरत वर निघायची, तो आवाज आमच्या अंगणात स्पष्ट यायचा. माझी आई त्या आवाजावर चूल पेटवायची. घरात आम्ही चौघं. वडील, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणायचा आणि म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. आई. माझा थोरला भाऊ दामूदादा. आणि मी, कुसुम, घरातलं शेंडेफळ. शेंडेफळ आणि त्यात मुलगी, म्हणजे भाऊंच्या गळ्यातला ताईतच. बाजाराच्या दिवशी मुरबाडहून भाऊ परत आले, की पहिली हाक मला. संध्याकाळी ओट्यावर बसून ते कोरा चहा प्यायचे. त्यात गूळ घालायचे नाहीत. गुळाचा खडा हातात घ्यायचे, मोडायचे, निम्मा आपल्या दातांत धरायचे आणि निम्मा माझ्या तोंडात घालायचे. मग बशीतून एक घोट त्यांचा, एक माझा. दादाला ह्यात वाटा नव्हता. त्यानं एकदा हात पुढं केला तर मी त्या हाताला चावले होते. जळकेपणा माझ्यात मुळातला. तो काही त्या परदेशी माणसामुळे आलेला नाही.

भाऊंची थोडी हकीकत सांगायला हवी. मिसरूड फुटायच्या वयात ते रानात लपलेल्या माणसांना भाकऱ्या पोचवायचे. डोक्यावर गवताचा भारा, भाऱ्याच्या पोटात भाकऱ्या. इंग्रजांच्या पोलिसांनी एकदा भारा सोडून बघितला आणि भाऊ ठाण्याच्या तुरुंगात गेले. शाळेचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याच बराकीत एक मास्तर होते, तेही चळवळीतच पकडलेले. त्यांनी विटेच्या तुकड्यानं फरशीवर काढून भाऊंना अक्षर शिकवलं. भाऊ सुटले ते वाचता येऊनच सुटले. ते मास्तर मात्र पुढं तापानं आतच गेले. इकडे भाऊंच्या आईनं पोरगा सुटेपर्यंत गोड सोडलं होतं. ती आजी मी पाहिली नाही. पण भाऊ घरी आले तेव्हा त्यांनी तिच्या तोंडात पहिला गुळाचा खडा कसा घातला आणि तो तिनं चघळायच्याऐवजी नुसता गालात धरून ती कशी रडत बसली, हे मी भाऊंच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे. "तुरुंगातल्या मानसासाठी भायेर कुनीतरी कायतरी सोडलेलं लागतं गो," ते म्हणायचे. "त्याला कळत नाय. पन पोचतं."

मी तिसरी-चौथीत असेन. भाऊंनी मुरबाडहून गुळाची अर्धी ढेप आणली. वाण्यानं ती जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिली होती. आई ढेप डब्यात टाकत होती आणि भाऊ सवयीनं कागद सोडवून वाचायला लागले. हाताला लागेल तो कागद वाचायचे. शेंगदाण्याची पुडी असली तरी आधी पुडी वाचायचे, मग दाणे. वाचता वाचता ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग आईला म्हणाले, "ऐक गो जरा." आफ्रिकेतल्या कुठल्या तरी देशात एक शाळामास्तर होते. मुलांना त्यांच्याच भाषेत त्यांच्याच देशाचं गाणं शिकवलं, म्हणून तिथल्या गोऱ्या सरकारनं त्यांना समुद्रातल्या एका बेटावर तुरुंगात टाकलं. जन्मठेप. दिवसभर दगड फोडायचे आणि सुट्टीच्या वेळात बरोबरच्या कैद्यांना वाळूवर अक्षर काढून शिकवायचे. सोबत एक छोटा फोटो, चष्मा लावलेला, जाड ओठांचा, हसरा. नाव मात्र नव्हतं. म्हणजे छापलेलं असणारच, पण तेवढा तुकडा गुळाला चिकटून फाटला होता. आईनं डब्यातून ढेप काढली, पाण्याचा हात लावून तो तुकडा सोडवायला बघितला, तर कागदाचा लगदा हातात आला.

त्या संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि गुळाचा खडा न मोडता अख्खा माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "आजपासून तू खा. मास्तर सुटले की मी खाईन." मला आधी आनंदच झाला. अख्खा खडा! तो तोंडात टाकला आणि चहाच्या बशीकडे बघत राहिले. भाऊ सगळा चहा एकट्यानं पिऊन गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी खडा अंगणात भिरकावून दिला. मला खडा नको होता, मोडलेला खडा हवा होता. पण हे सांगायचं कसं, ते त्या वयात कळत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मेला तो मास्तर!" भाऊ माझ्यावर कधी ओरडत नसत. तेव्हाही ओरडले नाहीत, पण चेहरा उतरला त्यांचा. "मेला म्हनू नको गो. तुरुंगातल्या मानसाला मेला म्हनत नसतात."

आईनं तांदळाच्या पिठाची खळ करून दिली आणि भाऊंनी तो कागद दाराशेजारच्या भिंतीवर चिकटवला. कागदाला गूळ मुरलेला, त्यात वरून खळ. मुंग्यांची रांग लागली. चौकटीतून निघायची, भिंतीवरून चढायची आणि मास्तरांच्या चष्म्यापर्यंत जायची. आई रोज हळद टाकायची, रोज कुरकुर करायची, पण कागद काढा असं कधी म्हणाली नाही. मला त्या मुंग्यांचासुद्धा राग यायचा. घरात एवढी माणसं, सगळी त्याच्याच बाजूची, आणि आता मुंग्याही!

सणावाराला तर माझा जीव नुसता जळायचा. नागपंचमीला आई हळदीच्या पानात गुळखोबऱ्याच्या पातोळ्या उकडायची. तो वास सगळ्या घरात भरून राहायचा आणि भाऊ तिखटमिठाची भाकरी खाऊन ओट्यावर जाऊन बसायचे. दिवाळीच्या करंज्या झाल्या, पहिल्या तांदळाची खीर झाली, सगळ्याला त्यांचं एकच, कपाळाला लावायचं आणि परत ठेवायचं. मी सातवीला केंद्रात पहिली आले. आमच्या गावात तोवर कुणी मुलगी सातवीपर्यंत गेलीच नव्हती. मामानं मुरबाडहून पेढे आणले. मी पुडा घेऊन धावत भाऊंकडे गेले, मनात एवढंच, आज तरी. आज तरी माझ्यासाठी. भाऊंनी पेढा घेतला, कपाळाला लावला, मला जवळ घेतलं, डोळे भरून आले त्यांचे. आणि पेढा माझ्याच तोंडात घातला. मी तो भिंतीवरच्या कागदाकडे बघत चावला. इतक्या रागानं पेढा कुणी खाल्ला नसेल.

आणखी एक गोष्ट सलायची. भाऊंना सरकारनं मानपत्र दिलं होतं, शिक्का, सही, सगळं होतं त्यावर. ते ट्रंकेत, आईच्या लुगड्यांखाली. आणि भिंतीवर कोण, तर हा! पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला जायच्या आधी भाऊ टोपी घालायचे, जास्वंदीचं एक फूल त्या कागदापाशी ठेवायचे, मग निघायचे. एका वर्षी आमच्या शाळेचे हेडमास्तर हे बघून हसले. म्हणाले, "भाऊ, आपल्याकडं हुतात्मे कमी पडले का, की बाहेरून मागवावे लागतात?" मला इतकं बरं वाटलं! मी हेडमास्तरांच्या तोंडाकडे आशेनं बघत राहिले, आणखी बोला म्हणून. भाऊ चपला घालत म्हणाले, "स्वातंत्र्य म्हंजे काय बांधावरचं गवात हाय का गुरुजी, ह्या अंगाचं तुमचं न त्या अंगाचं माझं? आमी सुटलो. तो आत हाय. मंग फूल कुनाला ठेवायचं?" हेडमास्तर शाळेकडे चालू लागले. मी मात्र हार मानली नाही. त्या दुपारी ते फूल उचलून मी शेळीला घातलं.

माझं लग्न ठरलं ते शहापूरजवळ सापगावला. माणसं आमच्यासारखीच शेतकरी, पण जरा खाऊनपिऊन सुखी, हायवेजवळची म्हणून चार गोष्टींनी पुढारलेली. लग्न आमच्या दारात. कन्यादानाचा उपास बापाला असतो, तो आमच्याकडं मुलीच्या हातच्या गोड घासानं सोडायची रीत आहे. वरात निघायच्या आधी, सगळ्या सोयऱ्यांसमोर. ह्या रीतीचा विचार मी लग्न ठरल्या दिवसापासून करत होते. नवरा कसा असेल, सासू कशी असेल, ह्याचा केला नसेल इतका केला. सणाला नाही म्हणणं वेगळं. पेढ्याला नाही म्हणणं वेगळं. पण मुलगी घर सोडून निघाली आहे, हातात घास आहे, अख्खा मांडव बघतो आहे. आता बघू, कोण मोठं!

बुंदीचा लाडू होता. मी मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि घास भाऊंच्या तोंडाजवळ नेला. भाऊंनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले, "पोरी, मीठभात दे गो." मला वाटतं सगळ्यात आधी सनई थांबली. मग माझा चुलतसासरा उठला. अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. "आमच्या सोयरिकीचं गोड तुमाला चालत नाय? मंग पोरगी तरी कशाला देता?" भाऊ हात जोडून सांगायला लागले, बेटावरच्या मास्तरांचं. मांडवात कुणी हसलं, कुणी म्हणालं, "म्हातारा खुळा झालाय." चुलतसासरा म्हणाला, "म्हंजे तो परदेशी मानूस तुमाला आमच्या पोराच्या लग्नापरीस मोठा?" आणि तेव्हा मी बोलले. नवरीनं बोलू नये, पण मी बोलले. घास तसाच हातात. "सांगा ना भाऊ! एकदा सगळ्यांम्होरं सांगाच. कोन मोठं? तो का मी?"

भाऊ माझ्याकडं वळले. म्हणाले, "तू गो. तूच मोठी. तुला मी सगळं दिलंय. त्याला नुसतं गोड दिलंय. तेवढंबी काढून घिऊ का?"

ह्यावर म्हणायला पुष्कळ होतं. सगळ्यातनं मला तेवढंच तर हवं होतं. पण रडू कोसळलं. चुलतसासरा पागोटं सावरत नवऱ्या मुलाला उठवायच्या बेतात होता. मध्ये आल्या त्या माझ्या सासूबाई. ठेंगणी बाई, कपाळभर कुंकू. चुलतसासऱ्याला म्हणाल्या, "बसा वो भावजी. गोड खाऊन इसरनारे व्याही गावोगाव भेटतील. मिठाला जागनारा कुठं भेटतो?" आणि पानावरच्या भाताला त्यांनी स्वतः मीठ लावलं, माझ्या हातातला लाडू काढून घेतला आणि मीठभाताचा घास माझ्या हातात दिला. तो मी भाऊंना भरवला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला. वरात वेळेवर निघाली. सासूबाईंनी ह्या गोष्टीवरनं पुढं मला एकदाही टोमणा मारला नाही. बाकी कशावरनंही मारायच्या, त्याची कसर काढली त्यांनी.

सापगावला माझा संसार झाला. मुलं झाली, त्यांच्या बारशांना भाऊ आले, घुगऱ्या खाऊन गेले. मी विचारायचं सोडून दिलं होतं. पण आत ते होतंच. माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, इतकी जेलसी? आणि तीही कुणाची, पेपरातल्या फोटोची?" हो बाई, फोटोची. हाडामांसाचा माणूस असता तर भांडून मोकळी झाले असते. हा भांडायलाही सापडत नव्हता. वर तुरुंगात, दगड फोडतोय, म्हणजे त्याला वाईट म्हणायचीही सोय नाही! असा वैरी कुणाला मिळू नये.

मग एके दिवशी टीव्हीवर बातमी लागली. त्या देशातले कैदी सुटले. लोक रस्त्यावर नाचत होते, गात होते. मी डोळे ताणून एकेक चेहरा बघत होते, चष्मा, जाड ओठ. इतक्या वर्षांनी तो कसा दिसत असेल कोण जाणे. नवऱ्याला म्हटलं, मी चालले. शहापुरात पेढे घेतले आणि गाड्या बदलत बदलत वैशाखऱ्याच्या फाट्यावर उतरले. बांधावरून अक्षरशः पळत गेले. ह्या वयात पळते म्हणून बाया बघत होत्या. भाऊ ओट्यावरच होते. थकले होते, दात गेले होते, पण डोळे तेच. मी पुडा सोडत म्हटलं, "भाऊ, सुटले! सगळे सुटले!" भाऊ ताडकन उभे राहिले. "मास्तर सुटले? बघितलंस तू?" मी म्हटलं, "सगळे सुटले म्हणजे तेही सुटलेच असतील ना." भाऊ खाली बसले. "असतील म्हंजे? तुझा नवरा रातचा घरी आला असंल म्हनून तू निजतीस का आला ते बघून निजतीस?" मी पुडा त्यांच्यापुढं ओट्यावर ठेवला. ते म्हणाले, "जिता हाय का गेला, तेबी ठावं नाय. आमच्या बराकीतले मास्तर दाराबाहेर आलेच नाय गो. भायेर सगळे वाजवीत होते, गुलाल उधळीत होते. मी आपला दाराकडं बघत होतो." आणि त्यांनी पेढ्याच्या पुड्याला दोरा परत गुंडाळून दिला. खोटं बोलायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. बघितलं मी, चष्म्यावाला, तोच होता. इतकंच म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण भाऊ माझ्याकडे असे बघत होते, की ते बाहेर पडलं नाही. तो पुडा दादाच्या मुलांच्या हातात कोंबला आणि परतीच्या गाडीत मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाऊ त्यानंतर फार राहिले नाहीत. भात कापणीला आलं होतं तेव्हा गेले. तेराव्याला गोडाचं जेवण, सुतक फिटतं, सगळ्यांनी तोंड गोड करायचं. आईनं खीर केली. गेलेल्या माणसाचं पान पहिलं मांडायचं, त्यावर सगळं वाढायचं. भाजी झाली, वरणभात झाला, आणि खिरीच्या पातेल्यात पळी घालून आई थांबली. "त्यांच्या पानावर खीर वाढायची का नाय?" स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भटजी म्हणाले, गोडाशिवाय तेरावं होतच नाही, मेल्यावर कसला नेम. चुलता म्हणाला, मानूस गेला, नेम गेला. आई जागची हलली नाही. "त्यांनी सोडलं ते मास्तर सुटस्तवर सोडलं. माझ्या हातानं मी त्यांचा नेम मोडनार नाय. कुनीतरी तो पदरात घेतला तर ते मोकळे. मंग त्यांनी खुशाल खावं." बाहेर पंगत खोळंबली होती. दादा डोकं खाजवत म्हणाला, "बरं, मी घेतो. चहात तेवढी साखर..."

"तुझा काय संबंध?" मी ओरडलेच. दादाच्या हाताला चावले होते ना लहानपणी, तसाच आवाज आला माझा. दादा दचकून मागं सरला. माझा राग मलाच कळत नव्हता. म्हणजे तेव्हा कळत नव्हता, आता कळतो. भाऊ आणि तो बेटावरचा माणूस, ह्या दोघांत जे काही होतं, त्यात मला कधी कुणी घेतलं नव्हतं. इतकी वर्षं मी दाराबाहेर. आणि आता आत जायची एकच जागा उरली होती, ती दादाला द्यायची? चहातल्या साखरेचा हिशोब करणाऱ्या दादाला? मी आईसमोर पदर पसरला. "माझ्या पदरात घाल. मास्तर सुटल्याचं कळेस्तवर मी गोड खानार नाय." आईनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "रागानं घेतीस का मायेनं?" मी म्हटलं, "रागानं." ती म्हणाली, "टिकंल मंग." आणि पळी माझ्या हातात दिली.

भाऊंच्या पानावर मी खीर वाढली. माझ्या हातानं. भरपूर, पानाबाहेर ओघळेपर्यंत. मग डब्यातून गुळाचा एक खडा घेतला आणि मोडला. निम्मा भाऊंच्या खिरीशेजारी ठेवला. उरलेला निम्मा हातात राहिला. सवयीनं तोंडाकडे नेला आणि आठवलं. तो आता मला चालत नव्हता. आई बघत होती, दादा बघत होता. मी ओट्याकडच्या दाराशी गेले. कागद पार पिवळा पडला होता, चष्मा तेवढा दिसत होता. खालच्या कोनाड्यात मी तो खडा ठेवला.

"घ्या मास्तर," मी म्हटलं. "बापाच्या नि माझ्या गुळातला निम्मा तुमीच घेऊन बसला होतात. जिते असाल तर कळवा."

मी पंगतीत येऊन बसले आणि मीठभात कालवला. दाराच्या चौकटीतून मुंग्यांची रांग निघाली होती.